एल्डन बीलचं विकेड

एल्डन बीलच्या तोंडी 'विकेड' कायम असायचं. कॉफी विकेड गरम, कुत्रा विकेड आळशी, रविवारचं प्रवचन विकेड लांब. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या किनाऱ्यावर 'फार' म्हणायला सगळेच हा शब्द वापरतात, पण एल्डन तो मिठासारखा सगळ्यावरच भुरभुरायचा. त्याची आई चर्चमधली कडक बाई. ती म्हणायची, "विकेड म्हणजे दुष्ट, पापी. चेटकिणींना म्हणायचे तसं. आणि तू माझ्या सूपला म्हणतोस?"

"सूपच विकेड झालंय, आई. मी काय करू?"

बायको व्हर्नाने स्वतःपुरता हिशेब बसवला होता. एल्डनचं विकेड निम्मं धरायचं. आणि ज्याला विकेड लागलंच नाही, ते काही नाहीच. बोटाला खरचटलं तरी त्याची जखम विकेड खोल असायची.

नोव्हेंबरात समुद्रातून शेवंडांचे, म्हणजे लॉब्स्टरचे, सापळे काढून आणायला तो होडी घेऊन एकटाच गेला. दुपारी स्वयंपाकघरातल्या बिनतारी रेडिओवर होडीतून त्याचा आवाज आला. "व्हर्ना, वारा आलाय. वेळ लागेल मला."

"सूप गरम ठेवते. सावकाश ये."

"बरं."

थोड्या वेळाने त्याचा भाऊ लाइल आला. लाइलची मोठी बोट धक्क्यालाच बांधलेली होती. "एल्डन कुठाय?"

"बाहेरच आहे अजून. वारा आलाय म्हणे."

"विकेड वारा?"

"नाही रे. नुसता वारा, म्हणाला."

लाइल हसला. "विकेडसुद्धा नाही? मग झुळूक असेल. वाढ मला सूप." त्याने बूट काढले.

संध्याकाळी तटरक्षक दलाला होडी उलटलेली सापडली. एल्डन सापडला नाही.

लाइल अजून अधूनमधून येतो, टेबलाशी बसतो. "त्याला बोलायला दमच नव्हता गं," म्हणतो. "नाहीतर विकेड सोडतो होय तो? मला कळायला हवं होतं. मी बूट काढले."

व्हर्ना त्याला सूप वाढते. लाइलने बूट काढले ते तिच्या उत्तरावर. एल्डन एवढंच म्हणाला होता की वारा आलाय. 'नुसता' तिने घातला होता. लाइलला वाटतं, तो शब्द एल्डनचाच. तिने अजून सांगितलेलं नाही.