गल्लीचं गेट

नगरपरिषदेवर निवडून आले तेव्हा मी शाळेतून निवृत्त होऊन घरीच होते. आमचं शहर लहान, कोळशाच्या खाणींना लागून. प्रभाग महिलांसाठी राखीव झाला, गल्लीनं आग्रह धरला आणि मी उभी राहिले. त्यामुळे माझ्यावर पहिला हक्क गल्लीचा, हे सगळे धरूनच चालले होते.

गल्लीला गेट हवं होतं. तोंडाशी कमान, लोखंडी दारं, आणि आतल्या कडुनिंबाखालचा जुना ओटा काढून गाड्या लावायला जागा. सगळ्यात आग्रही होते कोपऱ्यावरच्या घरातले काका. उभा जन्म खाणीत गेलेला, बायको गेल्यापासून घरात एकटे.

"नागपूरले पोराच्या कॉलनीत गेट हाय," ते मला सांगायचे. "नातू इथी आला का म्हनते, आबा, तुमची गल्ली कुठून सुरू होते तेच समजत नाई."

त्याच सुमारास सफाई कामगारांच्या मजुरीचा ठराव सभेपुढे यायचा होता. ठेकेदार त्यांना सरकारी दरापेक्षा कमी द्यायचा, तेही हातावर टेकवायचा. नव्या ठेक्यात पूर्ण दर, बँकेत पगार आणि आठवड्याला भरपगारी सुटी, अशा अटी घालायच्या होत्या. मुख्याधिकाऱ्यांनी मला आधीच सांगून टाकलं, "ताई, मजुरी वाढली तर यंदा गेटला निधी उरत नाही. ओटा काढून पार्किंग तेवढं करता येईल."

मला सुटल्यासारखं झालं. मजुरी वाढेल, गल्लीलाही काहीतरी मिळेल. आमची गल्ली झाडणारी बाई माझ्याच वर्गातली. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. मग तिचं लग्न झालं, मी पुढे शिकत राहिले. चारचौघांत ती मला मॅडम म्हणायची आणि दोघीच असलो की सरळ एकेरीवर यायची. ही बातमी तिलाच आधी द्यावी म्हणून मी ओट्यावर गेले. काम आटोपून ती आणि तिच्या सोबतिणी तिथं डबे उघडून बसल्या होत्या.

तिनं सगळं ऐकून घेतलं. पोळीचा घास हातातच राहिला.

"मजुरी वाढन तं चांगलंच हाय," ती म्हणाली. "पन ओटा काऊन तोडून राह्यले?"

"गाड्या लावायला."

"मंग आम्ही डबा कुठी खावाव?"

"माझ्या घरी येत जा ना. मी कधी नाही म्हटलं?"

"कामाच्या लुगड्यानं मी कोनाच्या घरात नाई जात. तुह्याही नाई." मग माझा चेहरा पाहून तिनं आवाज खाली आणला. "रागावू नोको व. पाय पसरून बसाची ही एकच जागा हाय आमाले."

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं चहा पुढ्यात ठेवला. तो औष्णिक वीज केंद्रात पाळीनं राबलेला माणूस. पाळी संपल्यावर टेकायला जागा असण्याचं मोल त्याला माझ्याहून जास्त कळत होतं. एवढंच म्हणाला, "काकांशी बोलून पाहा."

काका अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी ओट्याचं सांगितलं, गेटला निधी नाही हेही सांगितलं. मला वाटलं, आता चिडतील.

"गेट लागलं असतं तं राती बंद करा लागलं असतं ना?"

"हो."

"अन् त्या बाया तं अंधारातच येतात झाडाले. त्याइले कोन उघडून देल्लं असतं?"

"ठरवलं असतं कुणीतरी."

"मी देल्लं असतं," काका म्हणाले. "तशीही मले झोप कुठी येते? सकाळी त्याइचे झाडू वाजले का बरं वाटते. कोनी आलं म्हनून." मग डोळे पुसल्यासारखं करत ते उठले. "ओटा राहू द्या, बाई. माही बायकोही तिथीच बसे."

सभेत मी पहिल्यांदाच बोलायला उभी राहिले. शाळेत जन्मभर बोललेली मी, पण ठरवून आणलेलं सगळं विसरले आणि आपल्याच बोलीत सुरू झाले, "मले एवढंच सांगाचं हाय…" मागं कोणीतरी हसलं. मी थांबले नाही. आमच्या गल्लीला यंदा गेट नको, पार्किंगही नको, म्हणून सांगितलं. मजुरीचा ठराव पूर्ण अटींसकट करा. आणि त्या बाया आमच्या गल्लीत राहत नसल्या तरी गल्ली त्यांचीही आहे, म्हणून ओटा तिथंच राहू द्या.

वादावादी बरीच झाली. मजुरीचा ठराव काठावर पास झाला. ओट्याला कोणी हात लावला नाही, पण डागडुजीही मिळाली नाही. गल्लीतल्या दोन घरांनी कितीतरी दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. एकीनं तर हळदीकुंकवाला मला वगळून शेजारच्या दारापर्यंत बोलावणं केलं. ते लागलंच मनाला. ठेकेदारानंही चालढकल केली; नवा दर हातात पडेपर्यंत पावसाळा सरून गेला होता.

त्यानंतरच्या एका सुटीच्या दिवशी दुपारी माझी मैत्रीण दारात उभी. इस्त्रीची जांभळी साडी, केसांना तेल, पायात नव्या चपला.

"आज सुटी हाय," ती म्हणाली, जणू माझी परवानगी मागत होती. "घरी करमत नाई. काय कराव सुटीत?"

"ये, बैस."

चपला बाहेर नीट जोडून ती आत आली, दिवाणाच्या कडेवर टेकली. आमच्या शाळेतल्या मारक्या मास्तरांची आठवण निघाली, दोघी खूप हसलो. मी आत पोहे करायला गेले. बशी घेऊन बाहेर आले तर ती दिवाणावर आडवी, हात उशाला घेऊन गाढ झोपलेली.

मी बशी झाकून ठेवली. अंगावर चादर घातली. गल्लीत भाजीवाला ओरडत येत होता, दार अलगद ओढून घेऊन मी बाहेर गेले आणि त्याला म्हटलं, "भाऊ, आज इथून जरा गुपचूप जाजा."