खोटी साखर आणि मुलुंडचा मामा

कॅन्सरच्या लॅबमधली आठवण म्हटल्यावर तुम्ही रुमाल काढला असेल. ठेवा परत खिशात. यात पेशंट नाही, सलाईन नाही, शेवटची भेटबिट नाही. काचेच्या बारा बाटल्या आहेत आणि एक मी. रडायचंच असेल तर बाटल्यांसाठी रडा.

ऐंशीच्या दशकातलं सांगतोय. तालुक्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. करून मी अंधेरीला, आरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका छोट्या लॅबमध्ये टेंपररी लागलो होतो. काम काय, तर बाटल्या धुवायच्या आणि बाईंच्या शिव्या खायच्या. बाई म्हणजे आमच्या सायंटिस्ट, मूळच्या मालवणच्या. त्यांचं डोकं एकाच गोष्टीत होतं. कॅन्सरच्या गाठीच्या पेशी साखरेला हपापलेल्या असतात. भसाभस खातात, अर्धवट जाळतात, वर ॲसिड बाहेर टाकतात. मग त्यांना साखरेसारखीच दिसणारी खोटी साखर घातली तर? पेशी फसणार, आत घेणार, पण तिच्यातून ताकद शून्य. वाढ मंदावणार.

"म्हणजे नकलाकार साखर!" मी म्हटलं.

"हो. तुझ्यासारखी. दिसायला झकास, उपयोग काय नाय."

सहा बाटल्यांत नुसती खरी साखर, सहांत खोटीही मिसळलेली. आतलं पाणी लालसर. पेशी जोरात खायला लागल्या की ॲसिडने ते पिवळं पडायचं. खरीची रांग पिवळी आणि खोटीची लाल राहिली की बाई जिंकल्या. गणपतीनंतर वरचे साहेब बघायला येणार होते. फरक दिसला तर काम चालू, नाहीतर बाईंची तीन वर्षं गुंडाळून कपाटात.

पण गणपतीला अख्खी लॅब कोकणात. मी म्हटलं, "मी थांबतो की! मुलुंडला मामा आहे. मोदक तिकडेच."

हा मामा लॅबमध्ये फेमस होता. मी त्याचा खोकला काढायचो, त्याचं ते "भाच्या, चहात साखर कमी पडली रे" काढायचो. सगळे हसून लोळायचे. फक्त तो मामा नव्हताच. मुंबईत माझं कोणीच नव्हतं. हे सांगितलं असतं तर कोणी हसलं नसतं.

बाईंनी निघताना बजावलं, "बाटल्यांच्या पेटीचं दार दिवसातून एकदाच उघडायचं. रंग बघायचा, वहीत लिहायचा, बंद. आत ऊब असते, गॅस सोडलेला असतो. दार उघडलं की दोन्ही जातं, पाणी जांभळं पडतं. कळलं?"

कळलं होतं की. पण बोरिवलीच्या खोलीतले दोघंही गावाला गेलेले. सकाळी तिथे बसून काय करणार? लॅबला आलो. पहिल्या दिवशी रिकाम्या खुर्च्यांसमोर बाईंची नक्कल केली, मग मामाची. फ्रिजची घरघर थांबली तेव्हा वाटलं, ऐकायला थांबला. दोन मिनिटांनी परत घरघरायला लागला. त्यालाही नक्कल आवडली नव्हती.

मग पेटीचं दार उघडलं. "काय मंडळी, जेवलात का?"

त्या इमारतीत माझ्याशिवाय जिवंत तेवढंच होतं. कुठल्यातरी माणसाच्या गाठीतनं आलेल्या पेशी होत्या त्या, पण आल्या होत्या माणसातनंच ना. दार लावलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा उघडलं. क्षणभरच तर, म्हटलं. बाहेर कुठल्यातरी सोसायटीत आरती चालली होती. मी आत डोकावून टाळ्या वाजवल्या.

चौथ्या दिवशी खोटीच्या बाटल्या पिवळ्या नव्हत्या. मी नाचलोच. मग वरच्या रांगेकडे बघितलं. खरीच्याही नव्हत्या. बाराच्या बारा जांभळट. पेटीला जोडलेल्या गॅस सिलिंडरचा काटा शून्यावर. एवढ्या वेळा दार उघडून अख्खा गॅस मी लॅबभर सोडला होता. पेशी मरगळल्या होत्या सगळ्याच. खोटी साखर न खाताही.

सोमवारी बाई आल्या. बाटल्या बघितल्या, काटा बघितला, मग वही उघडली. तिच्यात मी सगळं प्रामाणिकपणे लिहिलेलं. सकाळी नऊ, लालसर. सव्वानऊ, तसाच. साडेनऊ, तसाच. पानंच्या पानं.

"मेल्या, एकदा म्हटलं होतं मी, एकदा! साहेबांना काय दाखवू आता? तुझ्या नकला? आता परत पहिल्यापासून वाढवायच्या, तेवढं थांबतायत का ते! आणि दिवसभर इथे काय करत होतास? मामाकडे मरायला काय झालं होतं?"

"मामा नाहीये, बाई."

"नाहीये म्हणजे? गेला?"

"नव्हताच."

बाईंनी वही मिटली. मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय!

"गाढवा! मग तेव्हाच तोंड उघडायचं ना! एवढे आवाज काढतोस, एकदा स्वतःच्या आवाजात बोलला असतास तर काय जीभ झडली असती? मालवणला नेला असता तुला. बाटल्या गेटवरच्या वॉचमनवर सोडल्या असत्या. त्याला काय नाय कळत, पण दार तरी बंद राहिलं असतं!"