भरलेली जखम

आयोडीनचा वास आला की मला शहागंजातली ती म्हातारी आठवते. तिथल्या दवाखान्यात मी ड्रेसिंग करायचे. एक मुकादम रोज सकाळी भिकाऱ्यांना रिक्षातून आणून ठरलेल्या जागी बसवायचा. ती आमच्या दारासमोर बसायची. तिच्या पायावरची चिघळलेली जखम मी हट्टानं महिनाभर फुकट धुतली. शेवटची पट्टी सोडली तर खाली कोवळी, गुलाबी कातडी! मी हरखले. तिनं मात्र पाय लुगड्याखाली झाकला. "लई वाईट झालं, ताई. मुकादम म्हणतो, जखम नाय तर जागा नाय. आता मी जाऊ कुठं?" मी तिलाच रागावले. आठ दिवस ती दिसली नाही. नवव्या दिवशी दिसली, त्याच जागी. पायावर पहिलीपेक्षा मोठी, ताजी जखम होती. मी पुन्हा बरी करीन या भीतीनं, मला बघताच तिनं पाय आत ओढून घेतला.