तिसरी तबकडी

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. शेजारच्या बापूंनी एका अमेरिकन ऑपेराच्या संपूर्ण रेकॉर्डिंगच्या तीन तबकड्या मला ऐकायला दिल्या होत्या. तिसरी मी उन्हात विसरलो, ती पापडासारखी वाकली. तशीच खोक्यात घालून परत केली.

"हिला कशाला हात लावू देऊ नये," वाकलेली तबकडी पाहून बापू आपल्या बायकोवर, वहिनींवर, चिडले.

"असेल माझ्याच हातून," त्या म्हणाल्या. मी समोर चहा पीत होतो. पुढे वहिनींनी रेकॉर्ड लावणंच सोडलं.

आज मोबाइलवर तो ऑपेरा प्रथमच शेवटपर्यंत ऐकला. त्यातली बाई अजून त्याच आवाजात गाते. माणसं तशी थांबत नाहीत. बापू गेले. वहिनींना आता ऐकू येत नाही, म्हणून "ती तबकडी मी बिघडवली, माफ करा" एवढं चिठ्ठीत लिहून नेलं. त्यांनी हसून चहा पुढे केला. चिठ्ठी खिशातच राहिली.