विहिरीच्या खोलीचा मीटर

मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही, हा माझा जुना रोग. कळमनुरीच्या रस्त्याला वसतिगृह बांधून होत आलं होतं, साल दोन हजार आठ-नऊ असेल. इमारत ग्रीन बिल्डिंग ठरवायची, म्हणजे वीज कुठं किती जाते ते दाखवावं लागणार. विजेचं काम माझ्याकडं. मी हट्टानं प्रत्येक भागाला वेगळा मीटर लावला: दिवे, पंखे, स्वयंपाकघर, आणि जुन्या विहिरीवर बांधलेली पंपाची खोलीसुद्धा.

वायरमन हसला. "साहेब, तिथं पंपच न्हाई अजून. भुताची वीज मोजता का?"

पहिल्याच महिन्यात त्या खोलीचा मीटर फिरला. फार नाही, एका बल्बाएवढा. खोलीला कुलूप, किल्ली चौकीदाराकडं. वसतिगृह बांधणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष भडकले: तोच वीज चोरून राहिला, दसरा झाला की काढा त्याला.  त्या म्हाताऱ्याची बायको याच कामावर मजूर होती. विहिरीवर स्लॅब पडायच्या आधी पाय घसरून आत पडली, ती गेलीच. ही चौकी सोडली तर त्याला जायला जागा नव्हती, अन् ती माझ्या मीटरपायी जाणार होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खंडेनवमीला वायरमननं हत्यारं मांडली, मीटरांना हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवले. त्या दिवशी कशालाच हात लावायचा नसतो. भर दुपारी इमारतीत चिटपाखरू नव्हतं. वीज जाताना लुकलुकणारे सगळ्या मीटरांचे लाल ठिपके थांबलेले. विहिरीच्या खोलीचा तेवढा लुकलुकत होता.

 "मामा, खोली उघडा," मी चौकीदाराला म्हणालो.

आत अंधार, ओलसर गारवा. होल्डर रिकामा.

"बल्ब कुठंय?"

तो रडायलाच लागला. "तिला अंधाराचं लई भेव, साहेब. म्हणून लावत होतो. तुमी मीटरची बोंब उठवली तवाच काढला. पंधरा दिवस झाले. नोकरीपाई तिला अंधारात ठेवलं मी." कोनाड्यातून त्यानं बल्ब काढला. त्यावर धूळ होती.

पूजेतला टेस्टर उचलून मी वायर, होल्डर, सगळं तपासलं. कुठं गळती नाही, काही नाही. 

मग मी बल्ब पुसला, लावला आणि आराखड्यात ओळ वाढवली: विहिरीची खोली, एक दिवा, कायम चालू. अध्यक्षांना सांगितलं, चूक माझी, नोंदवायचा राहिला होता. त्यांनी मला चार शब्द सुनावले. म्हातारा राहिला.

महिनाभरानं आकडे ताडून पाहिले. बल्ब नसताना रोज जेवढी वीज जात होती, बल्ब लावल्यावरही तेवढीच. कणभर जास्त नाही. दोनदा पाहिलं. शेवटी न राहवून चौकीदाराला सांगितलं.

 त्यानं टोपीनं डोळे पुसले.

"म्हंजे ते पंधरा दिस बी ती उजेडातच होती म्हणा की."