गोदामात कोंडलेल्या बायका

"खोकला आला तर पदर तोंडात कोंबायचा. आवाज बाहेर यायला न्हाई पायजे."

सुपरवायझर एवढं बोलला आणि त्यानं बाहेरून कडी घातली.

आत आम्ही सात-आठ जणी. सुप्याजवळच्या कापड कारखान्यातलं ते मागचं गोदाम. खिडकी नाही. पंखा नाही. छतापर्यंत वाया गेलेल्या कापसाचे ढीग. परदेशातून माल घेणारे पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर खोकणाऱ्या बायका नकोत, रंगखात्यातले निळे-लाल हात नकोत. सकाळी रांगेत उभं करून सुपरवायझरनं आमचे हात उलटेसुलटे करून बघितले. बाजारात जनावराचे दात बघतात तसे. माझे रंगलेले हात बघून म्हणाला, "तू बी आत. तुला बघून गिऱ्हाईक पळून जाईल."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

हौस म्हणून मी त्या कारखान्यात गेले नव्हते. कारखान्याचं पाणी ओढ्याला आलं, ओढ्यातून आमच्या विहिरीत उतरलं. पाणी जांभळं झालं. शेळ्या तोंड लावीनात. कांदा जागेवर सडला. मग ज्यानं विहीर नासवली त्याच्याच दारात कामाला उभी राहिले. दुसरं दार नव्हतं.

तासभर झाला असेल. कडूबाई भिंतीला टेकून बसली होती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती कापूस पिंजायच्या खात्यात. तिची छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. ओठ काळेनिळे. पदर मात्र तोंडात तसाच. मी तो ओढून काढला आणि दार बडवलं.

फटीतून सुपरवायझर हळूच म्हणाला, "गप बसा. पाहुणे जाईस्तवर कुणी मरत न्हाई."

बायकांनी माझा हात धरला. "गप की बाई. आमाला बी काढून टाकतील."

कोंडणारा एक दाराबाहेर, आणि मला गप करणाऱ्या इतक्या जणी दाराच्या आत.

कोपऱ्यात कापसाच्या गाठी ओढायचा लोखंडी आकडा होता. हात सोडवून घेतला, आकडा उचलला आणि पत्र्याच्या दारावर घातला. पुन्हा घातला. कडी तुटली नाही. आवाज मात्र बाहेर गेला.

दार उघडलं तेव्हा समोर मालक, मागं गोरे पाहुणे. मी कडूबाईला खांद्यावर घेऊन बाहेर आणलं. मालक हसत त्यांच्याशी इंग्रजीत काहीतरी बोलला. एकानं नाकाला रुमाल लावला. ते पुढं गेले.

एवढंच.

कडूबाईला रिक्षात घालून नगरला नेलं. ती जगली. आता आडवी होऊ शकत नाही, बसूनच झोपते.

दुसऱ्या दिवशी गेटवर सुपरवायझरनं मला अडवलं. "मालकाची माफी माग, मग आत घेतो."

"कडी तुमी घातली, अन् माफी मी मागू?"

घरी नवरा म्हणाला, "माग की. जीभ झिजती का? खायचं काय आपुन?" त्याचं काही चुकत नव्हतं.

पण माफी मागणार नाही. सोमवारी नगरच्या सरकारी हापिसात जाणार. कोंडलं कुणी, कुठं, कशासाठी, सगळं सांगणार. आमचं पाणी कुणी नासवलं तेही. साहेबानं हाकललं तर पायरीवर बसेन. कडूबाई येते म्हणालीय. बाकीच्या खाली बघतात. आल्या तर बरोबर नेईन. नाही आल्या तर त्यांचंही मीच बोलेन.