बेसमेंटमधला प्राणायाम

बाबा अकोल्याहून आमच्याकडे अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी तक्रार केली की इथली हवा एवढी स्वच्छ, पण तुम्ही लोक ती घेतच नाही. घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात. पुढे थंडी पडली, दारं-खिडक्या बंद झाल्या, आणि त्यांनी आमच्या बेसमेंटमध्ये रविवार सकाळचा प्राणायामाचा वर्ग सुरू केला.

सात-आठ जण यायचे. सगळे बाबांसारखेच, मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आणि नातवंडांच्या इंग्रजीपुढे गप्प झालेले. दोन गल्ल्या पलीकडच्या एक काकू श्वास अर्धाच घ्यायच्या, तर बाबा त्यांना म्हणायचे, "पोटातून घ्या. इथं कसली काटकसर?" मी वरून चहा आणायचे. आपल्या घरात काहीतरी पुण्यकर्म चाललंय असं वाटायचं, आणि ते वाटणं मला फार आवडायचं.

जानेवारीत लायब्ररीच्या काउंटरवर रेडॉन तपासायचं किट दिसलं. फुकट होतं म्हणून उचललं, दुसरं काही कारण नाही. तीन दिवस बेसमेंटमध्ये ठेवलं आणि पोस्टाने पाठवलं. उत्तरात छापलं होतं की आकडा चार किंवा जास्त असेल तर उपाय करा. आमचा अकरा होता. सोबतच्या पत्रकात लिहिलं होतं की हा वायू जमिनीतून येतो, फरशीच्या भेगांतून घरात शिरतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि वर्षानुवर्षं तो श्वासात गेला तर फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. बंद घरात, थंडीत, तो जास्त साचतो. थोडक्यात, खाली बसून खोल श्वास घेऊ नये.

उपाय सोपा होता. फरशीत भोक पाडून पाइप बसवायचा, आणि पंख्याने तो वायू छपरावर सोडायचा. एका दिवसाचं काम. तरी मी ते पत्र डिशवॉशरच्या वॉरंटीच्या फाइलमध्ये सरकवलं.

कारण असं, की चार वर्षांपूर्वी हे घर मला हवं होतं. पाच गिऱ्हाइकं होती, आणि एजंट म्हणाली, खरेदीआधीची घराची तपासणी, रेडॉनसकट, सोडून द्या, तर घर तुमचं. नवरा तेव्हा भारतात, सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी. त्याने फोनवर विचारलं, "रेडॉनची टेस्ट केलीस ना?" मी म्हटलं, केली, सगळं ठीक आहे. त्या भरवशावर त्याने आपलं ऑफिस बेसमेंटच्या कोपऱ्यात थाटलं. रोजचे आठ तास तो तिथेच असतो.

फेब्रुवारीत तो कामासाठी सांता क्लाराला गेला, तेव्हा मी पंखा बसवून घेतला. सगळ्यांना सांगितलं, ओल येत होती. पुढच्या रविवारी बाबांनी डोळे मिटून श्वास ओढला आणि जाहीर केलं की हवा कशी हलकी झालीय बघा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. नवी टेस्ट दोनच्या आत आली आणि मला वाटलं, सुटले.

मार्चमध्ये चहा घेताना त्याच काकू म्हणाल्या, "तुमच्या पंख्याचं मी मुलाला सांगितलं गं. तो म्हणाला, आपल्याकडे ओल नाही, आपल्याला कशाला? माझी खोलीही खालीच आहे, पण अगदी कोरडी."

मी म्हटलं, हो का, आणि त्यांच्या कपात चहा ओतला. आणखी दोन रविवार गेले. हे लिहायला लाज वाटते, पण गेले.

तिसऱ्या रविवारी वर्ग संपताना मी सगळं सांगितलं. नवरा तिथेच होता, चार्जर शोधत. काकूंनी कप खाली ठेवला.

"म्हणजे आम्हाला इथं पोटातून श्वास घ्यायला लावत होतीस?"

"लावत मी होतो," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"जानेवारीपासून."

नवरा चार्जरची वायर गुंडाळत होता. "पण घर घेताना टेस्ट केली होतीस ना?"

"नाही."

त्याने कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहिलं. मग काकूंना लायब्ररी कुठे आहे ते कागदावर काढून दिलं, त्यांच्या मुलाला स्वतः फोन लावला आणि किट कुठे ठेवायचं ते समजावलं.

काकूंच्या खोलीचा आकडा आमच्याहून जास्त निघाला. त्यांच्याकडेही पंखा लागला; तोवर त्या नातवाच्या खोलीत झोपल्या आणि तो इंग्रजीत कुरकुरला. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की चार वर्षांचं काय झालं ते आज कळत नाही. कधी कळेल, हेही कळत नाही.

नवरा अजून खालीच बसतो. दर तीन महिन्यांनी किट तो स्वतः ठेवतो. उत्तर आलं की पाकीट न फोडता माझ्या हातात देतो आणि समोर उभा राहतो. मी मोठ्याने वाचते.